पेपरात आलंय म्हणून

थोडी मोठी पोस्ट आहे. वेळ असेल तेव्हा सावकाश वाचा. माझ्याच एका चुकीबद्दल आहे, म्हणून लिहायला इतकी वर्षं लागली.

आमच्या गल्लीत अण्णा राहतात. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. गेल्या रविवारी सकाळी काठी टेकत ओट्यावर आले. हातात कॅरीबॅग, आत घडी घातलेले कागद. वर एका शिबिराचं ताजं हँडबिल. 'नॅनो थेरपीने मधुमेह मुळापासून बरा.' म्हणाले, "बघ की रे, हे खरं असतंय का? सुनेची शुगर लई वाढलीय."

कागद चाळताना एक जुनं कात्रण खाली पडलं. मी उचललं. पिवळं पडलेलं. हेडिंग होतं, 'नॅनो तंत्रज्ञानाने गुडघेदुखीपासून मुक्ती, शस्त्रक्रियेची गरज नाही'. खाली 'प्रतिनिधी'.

तो प्रतिनिधी मी.

नऊ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. बाहेरगावच्या एका दवाखान्याने आमच्या तालुक्यात दोन दिवसांचं शिबिर लावलं होतं. त्यांचा माणूस प्रेसनोट आणि पाव पान जाहिरात घेऊन आला. तालुका प्रतिनिधीचं मानधन किती असतं ते या लाइनमधल्यांना माहीत आहे. घर चालतं ते जाहिरातीच्या कमिशनवर. प्रेसनोट मी जवळपास तशीच पाठवली. दोन शब्द बदलले असतील. नॅनो म्हणजे काय, औषध कुठलं, कुणी मान्यता दिली, एकही प्रश्न विचारला नाही. कमिशनमधून मुलीची फी भरली.

अण्णा ते कात्रण खिशात घालून शिबिराला गेले होते. गुडघ्यात तीन इंजेक्शनं, सत्तर हजार रुपये. पंधरा दिवसांत गुडघ्यात पू झाला. शेवटी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात गुडघा उघडून साफ करावा लागला. तेव्हापासून तो वाकत नाही. पावतीवर औषधाचं नावसुद्धा नव्हतं. फोन लागत नव्हता. तक्रार कुणावर करायची?

आणि मी? मला सगळं कळलं होतं. मी भेटायलाही गेलो होतो, नारळपाणी घेऊन. पण बातमी केली नाही. कारण बातमी केली असती तर पहिली बातमी कुणाची, हा प्रश्न आला असता.

अण्णांनी मला कधी बोल लावला नाही. परवाही म्हणाले, "तुला काय ठाऊक असणार, तू काय डॉक्टर आहेस? पेपरात आलंय म्हणून गेलो." मला हेच जास्त लागलं.

आता दुसरी गोष्ट सांगतो. ती फार लांबची आहे, पण मला ती त्याच कात्रणाची मोठी आवृत्ती वाटते.

माझा भाचा इंजिनीअरिंगला आहे. त्याला नॅनो म्हटलं की मायकल क्रायटनची 'प्रे' ही २००२ सालची थ्रिलर कादंबरी आठवते. वाळवंटात मोकाट सुटलेला सूक्ष्म यंत्रांचा थवा, माणसांचा पाठलाग वगैरे. मागच्या महिन्यात त्यानेच मला नेटफ्लिक्सवर 'बॅड सर्जन' ही तीन भागांची मालिका दाखवली. म्हणाला, "मामा, ही खरी घडलेली आहे." त्यानंतर या प्रकरणावर मिळेल ते वाचत गेलो. यात थवा नाही, पाठलाग नाही. सगळे चांगले कपडे घातलेले, शिकलेले लोक आहेत. आणि माणसं मात्र खरोखर मेली आहेत.

स्वीडनमध्ये स्टॉकहोमला कॅरोलिन्स्का संस्था आहे. वैद्यकशास्त्राचं नोबेल कुणाला द्यायचं ते तिथले प्राध्यापक ठरवतात. इतकी मोठी जागा. तिथे पाओलो माक्कियारिनी नावाचा सर्जन होता. जून २०११ मध्ये त्याने एका रुग्णाला प्लॅस्टिकची श्वासनळी बसवली. रुग्ण मूळचा इरिट्रियाचा, आइसलँडमध्ये भूगर्भशास्त्र शिकणारा, बायकोमुलं असलेला माणूस. श्वासनळीत गाठ होती. नवी नळी लंडनमध्ये बनवली होती, त्याच्या मापाची, नॅनोकंपोझिट पॉलिमरची. त्या नळीवर रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी सोडायच्या, दीड दिवस एका यंत्रात फिरवायची आणि मग छातीत बसवायची. पेशी वाढतील, प्लॅस्टिकची नळी जिवंत होईल, अशी कल्पना.

कल्पना ऐकायला इतकी सुंदर की कुणालाही बातमी करावीशी वाटेल. झालीही. जगभर झाली. नोव्हेंबर २०११ मध्ये 'द लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकात पेपर आला. पाच महिन्यांनंतर रुग्ण ठीक आहे, मोठी गुंतागुंत नाही, असं त्यात होतं.

पुढे काय झालं? तो विद्यार्थी जानेवारी २०१४ मध्ये गेला. नळी आत रुजलीच नव्हती. दुसरा रुग्ण अमेरिकेचा, नोव्हेंबर २०११ मध्ये ऑपरेशन झालं, मार्च २०१२ मध्ये गेला. तिसरी तुर्कस्तानची विशीतली मुलगी. हाताला फार घाम येतो म्हणून तिने आपल्या देशात एक ऑपरेशन करून घेतलं होतं, त्यात श्वासनळीला इजा झाली. २०१२ मध्ये तिला प्लॅस्टिकची नळी बसवली. त्यानंतर तिचं आयुष्य दवाखान्यातच गेलं. २०१७ मध्ये ती वारली. दरम्यान रशियातही अशी ऑपरेशनं झाली. अमेरिकेत एप्रिल २०१३ मध्ये जन्मतः श्वासनळी नसलेल्या अडीच वर्षांच्या मुलीला नळी बसवली. तेव्हाही मोठमोठे मथळे. जुलैमध्ये ती गेली.

नंतरच्या चौकशांमधून जे बाहेर आलं ते वाचून मी थंड पडलो. माणसाच्या छातीत बसवण्याआधी ही नळी जनावरांवर नीट तपासलेलीच नव्हती. एथिक्स कमिटीची परवानगी घेतलेली नव्हती. 'रुग्ण नाहीतरी मरणारच होता, शेवटचा उपाय म्हणून केलं' हा बचाव. २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयाने तो मानला नाही. ऑपरेशन केलं नसतं तर हे रुग्ण बरेच दिवस जगू शकले असते, असं न्यायालय म्हणालं. अडीच वर्षांची शिक्षा झाली.

हे बाहेर कसं आलं तेही ऐका. त्याच दवाखान्यातल्या चार डॉक्टरांनी रुग्णांचे केसपेपर काढून पेपरातल्या दाव्यांशी ताडून पाहिले. एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. २०१४ मध्ये त्यांनी लेखी तक्रार दिली. तर रुग्णांच्या नोंदी विनापरवानगी पाहिल्या म्हणून त्यांच्यावरच बालंट आलं. २०१५ मध्ये बाहेरच्या तज्ज्ञाने चौकशी करून गैरप्रकार झाल्याचं सांगितलं. तरी संस्थेच्या प्रमुखाने ऑगस्टमध्ये माक्कियारिनीला निर्दोष ठरवलं. जानेवारी २०१६ मध्ये स्वीडिश टीव्हीवर बोसे लिंडक्विस्ट या पत्रकाराचा तीन भागांचा माहितीपट आला, तेव्हा लोक खवळले. प्रमुखाने राजीनामा दिला, सर्जनची नोकरी गेली. 'लॅन्सेट'ने पेपर मागे घेतले ते २०१८ मध्ये. आणि त्याच वर्षी संस्थेने जे सात जण दोषी धरले, त्यात तक्रार करणाऱ्या चौघांपैकीही एक होता, कारण आधीच्या एका पेपरवर त्याचंही नाव होतं. खरं बोलायची किंमत तिकडेही हीच.

आता मला टोचलं ते सांगतो. या गोष्टीत दोन प्रकारचे पत्रकार आहेत. एका अमेरिकन चॅनलची निर्माती त्याच्यावर कार्यक्रम करायला गेली आणि त्याच्या प्रेमात पडली. पोप आपलं लग्न लावणार, असं त्याने तिला सांगितलं होतं. गडी आधीच लग्न झालेला. तिला हसणं सोपं आहे. पण आम्ही सगळेच थोडेफार तिच्यासारखे. पांढरा कोट, इंग्रजी शब्द, मशीनचा फोटो दिसला की प्रश्न विसरतो. दुसरा तो लिंडक्विस्ट. त्याने काही अचाट केलं नाही. पहिल्या बातमीतल्या माणसांचं पुढे काय झालं, ते जाऊन पाहिलं.

आमच्या भाषेत याला पाठपुरावा म्हणतात. पत्रकारितेच्या डिप्लोमाला सहा प्रश्न घोकून घेतले होते. कोण, काय, कधी, कुठे, का, कसे. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले. 'पुढे काय झालं' हा सातवा प्रश्न मला अण्णांच्या गुडघ्याने शिकवला, आणि तेव्हाही मी उत्तर लिहिलं नाही.

कुणी म्हणेल, मग नॅनो म्हणजे सगळं थोतांड का? अजिबात नाही. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर एक भाग म्हणजे नॅनोमीटर. इतक्या मापात केलेली खरी औषधं आहेत आणि ती जीव वाचवतात. २०२१ मध्ये कोरोनानंतर काळी बुरशी आली तेव्हा आपण लिपोसोमल अँफोटेरिसिन-बीच्या एकेका वायलसाठी रात्री-अपरात्री फोन केले होते, आठवतंय? तेही याच जातीचं औषध. चरबीच्या अतिसूक्ष्म थेंबांत बसवलेलं, म्हणून किडनीला त्रास कमी. पण ते वर्षानुवर्षं तपासलेलं होतं. आपल्याकडे नॅनो औषधं कशी तपासायची याची केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं २०१९ मध्ये आली आहेत. म्हणजे शब्द खरा आहे. खऱ्या शब्दाच्या आडोशाला काय विकलं जातंय, ते बघायचं.

म्हणून अण्णांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो.

एक. औषधाने मधुमेह बरा होतो अशी जाहिरात करणं हाच १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. नुसतं करणाराच नाही, ती प्रसिद्ध करण्यात भाग घेणाराही त्यात येतो. म्हणजे आमच्यासारखेही. असं हँडबिल दिसलं तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

दोन. 'नवीन संशोधन चालू आहे, तुमच्यावर करून बघू' असं कुणी म्हणालं तर विचारा, सीटीआरआयचा नंबर काय? देशातल्या औषधांच्या चाचण्यांची ती सरकारी नोंद आहे. २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे, नेटवर फुकट बघता येते. नंबर नाही म्हणाले की चप्पल घालून निघायचं.

तीन. चाचणी असेल तर तुम्हाला कळेल अशा भाषेत संमतिपत्र पाहिजे आणि त्याची प्रत तुमच्या हातात पाहिजे. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची जबाबदारी चाचणी करणाऱ्यांवर आहे, २०१९ चे नियम तसं सांगतात. प्रयोग तुमच्यावर आणि वर सत्तर हजारही तुमचेच, असं कुणी म्हणत असेल तर तो प्रयोग नाही, धंदा आहे.

चार. इंजेक्शन घेण्याआधी औषधाचं नाव कागदावर लिहून मागा. नाव लिहायला जो कचरतो त्याची सुई अंगाला लावून घेऊ नका.

आणि पाचवं माझ्यासाठी. यापुढे कुठल्याही उपचाराची प्रेसनोट मी जशीच्या तशी पाठवणार नाही. पाव पान गेलं तरी चालेल. आज हे लिहिणं सोपं आहे, महिनाअखेरीला अवघड जाईल, हेही माहीत आहे. म्हणून चार लोकांसमोर लिहून ठेवतोय. चुकलो तर याच पोस्टखाली येऊन विचारा.

हँडबिल मी अण्णांकडून ठेवून घेतलं आहे. तक्रारअर्ज तयार आहे, उद्या जिल्ह्याला जाऊन देतो. सुनेला घेऊन परवा सरकारी दवाखान्यात जाऊन आलो. साधी गोळी बदलून दिली, महिन्याने परत बोलावलंय.

कात्रणही मागितलं. अण्णा म्हणाले, "ते कशाला? राहू दे माझ्याकडं." घडी घालून परत कॅरीबॅगमध्ये ठेवलं.

आमच्या तालुक्यात त्या शिबिराला गेलेले आणखी कुणी असतील, किंवा त्यांच्या घरचं कुणी ही पोस्ट वाचत असेल, तर कृपया फोन करा. नाव छापणार नाही. नऊ-दहा वर्षं उशीर झालाय, पण ती दुसरी बातमी मला करायची आहे.