दीडशे चिन्हांतील पाटी : लातूर-नांदेडमधील एका घरगुती व्यवसायाच्या परिचयलेखनाचा अनुभव

समाजमाध्यमांवरील खात्यात, नावाच्या लगेच खाली, व्यवसायाविषयी जो दोन-तीन ओळींचा मजकूर दिसतो, त्याला बोलण्यात 'बायो' म्हटले जाते. या लेखात त्यासाठी 'परिचय' हा शब्द वापरला आहे. इन्स्टाग्रामवर या मजकुराला 150 चिन्हांची मर्यादा आहे, एक्सवर 160 चिन्हांची, तर गूगलवरील व्यवसायाच्या नोंदीत वर्णनासाठी 750 चिन्हे मिळतात. जागा थोडी म्हणून हा मजकूर बहुधा घाईने, पुष्कळदा दुसऱ्याच्या खात्यावरचा पाहून लिहिला जातो. प्रत्यक्षात मात्र अनोळखी गिऱ्हाईक पुढे विचारपूस करील की तसेच निघून जाईल, हे बऱ्याच अंशी त्याच ओळींवर ठरते. प्रस्तुत लेखिकेने आपल्या घरगुती व्यवसायाचा परिचय तीन वेळा लिहिला आणि त्या तीन लेखनांतून जे उमगले, त्याची ही नोंद आहे.

लेखिकेचे सासर लातूरचे व माहेर नांदेडचे असल्यामुळे व्यवसायाचा मालही या दोन्ही जिल्ह्यांतून जमत गेला. लातूर ही तुरीची व डाळ गिरण्यांची बाजारपेठ असल्याने तूर तिथलीच. ती तेल-पाणी लावून वाळवायची, जात्यावर भरडायची आणि पाखडून चुणी वेगळी काढायची, ही घरातली जुनी रीत. मिरची नांदेड जिल्ह्यातील धर्माबादच्या बाजारातून येते आणि देठ खुडून, कडक उन्हात वाळवून डंकावर कुटली जाते. तिसरा पदार्थ येसर, म्हणजे धान्ये, डाळी व मसाले भाजून दळलेले ते पीठ, ज्याची आमटी मराठवाड्यातील घरांत आवडीने केली जाते.

या व्यवसायाचा पहिला परिचय लेखिकेने असा लिहिला होता : 'परंपरा आणि विश्वासाचे दुसरे नाव! शुद्धता हाच आमचा धर्म. दर्जेदार, पौष्टिक व चविष्ट घरगुती उत्पादनांचे एकमेव विश्वसनीय दालन.' लिहिताना तो भारदस्त वाटला, आणि घरातही सर्वांना आवडला. पुढे काही महिने संदेश येत राहिले, पण त्यांतील बहुतेक प्रश्न तेच ते होते : नेमके काय मिळते, गाव कोणते, घरपोच देता का, मागवायचे कसे. प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर लिहावे लागे, आणि उत्तर जाईपर्यंत विचारणाऱ्याची गरज दुसरीकडे भागलेली असे. परिचयात डाळ नव्हती, तिखट नव्हते, गावाचे नावही नव्हते. जे 'दालन' म्हटले होते ते तर अस्तित्वातच नव्हते, कारण सारे काम स्वयंपाकघरात आणि माळवदावर चालत होते.

दोष नेमका कुठे आहे हे लेखिकेच्या लक्षात आले ते गंजगोलाईच्या बाजारात. 1917 साली उभारलेली ही गोल इमारत लातूरच्या बाजारपेठेचे केंद्र असून मध्यभागी जगदंबेचे मंदिर आहे आणि गोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात. सोन्याचांदीचे दागिने, पादत्राणे, मिरचीपासून गुळापर्यंतचा किराणा अशा निरनिराळ्या मालाच्या पेठा या रस्त्यांच्या कडेने वसलेल्या असल्यामुळे गिऱ्हाईक ज्या रस्त्याला वळते, तो रस्ताच त्याला पुढे काय मिळणार हे सांगतो, आणि दुकानदाराने आपल्याविषयी फार बोलण्याची गरज उरत नाही. मोबाइलच्या पडद्यावर असा रस्ता नसतो; तिथे डाळीच्या शेजारी साडी आणि साडीच्या शेजारी शिकवणी वर्गाची जाहिरात येते. तेव्हा रस्त्याने सांगायचे ते परिचयाला सांगावे लागते. मोंढ्यातील, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारातील, आडत दुकानांच्या पाट्याही याच दृष्टीने पाहण्याजोग्या आहेत : वर पेढीचे नाव, खाली 'भुसार मालाचे व्यापारी व आडते', शेवटी 'मोंढा, नांदेड'. नाव, धंदा आणि ठिकाण एवढेच त्या पाटीवर असते, आणि माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याला नेमके तेवढेच हवे असते. भरवशाचा उल्लेख पाटीवर नसतो. तो वजनात आणि हिशेबात कळतो.

दुसऱ्या लेखनाच्या वेळी लेखिकेने आधी वहीत गिऱ्हाइकांचे प्रश्न उतरवले, कोणता किती वेळा आला त्याच्या रेघा मारल्या आणि ज्यांच्यापुढे सर्वाधिक रेघा जमल्या त्यांचीच उत्तरे परिचयात द्यायची, असे ठरवले. येथे देवनागरीची एक अडचण समोर आली. जगभरच्या लिप्या संगणकात साठवण्याच्या 'युनिकोड' या पद्धतीत व्यंजन, काना, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षर साधणारे हलन्त चिन्ह ही प्रत्येक स्वतंत्र मोजली जातात. त्यामुळे 'नांदेड' हा शब्द वाचणाऱ्याला तीन अक्षरांचा दिसला तरी त्यात सहा चिन्हे असतात, आणि 'स्त्री' हे एकच अक्षर सहा चिन्हांची जागा घेते. 150 चिन्हे म्हणजे 150 अक्षरे नव्हेत, हे समजल्यावर प्रत्येक विशेषणाची किंमत डोळ्यांपुढे आली. 'विश्वसनीय' हा एक शब्द नऊ चिन्हे खातो, तर 'येसर' चार चिन्हांत संपूर्ण पदार्थ सांगतो.

या हिशेबातून जो मजकूर तयार झाला तो असा : 'जात्यावर भरडलेली तूरडाळ, धर्माबादी मिरचीचं तिखट, येसर. लातुरात घरपोच, नांदेड, पुण्याला कुरिअर. ऑर्डर व्हॉट्सॲपवर.' पहिला परिचय 123 चिन्हांचा होता, हा 113 चिन्हांचा; म्हणजे शब्द कमी होऊनही माल, गाव, पोहोच आणि मागवण्याची वाट या चारही गोष्टी त्यात आल्या. 'दर्जेदार' हा शब्द गेला आणि त्याच्या जागी 'जात्यावर भरडलेली' आले. पहिला शब्द कोणत्याही मालाला लावता येतो, दुसरा फक्त त्याच मालाला लागू पडतो जो खरोखर तसा केलेला आहे.

या टप्प्यावर शब्दांच्या खरेपणाचा प्रश्न उभा राहिला. निलंगा तालुक्यातील बोरसुरीच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. भौगोलिक मानांकन म्हणजे एखाद्या उत्पादनाचे गुण विशिष्ट प्रदेशाशी बांधलेले आहेत याची कायदेशीर नोंद, जिच्यामुळे ते नाव बाहेरच्या मालाला लावता येत नाही. 'बोरसुरी' हा शब्द घातला तर विक्री वाढेल असा सल्ला लेखिकेला मिळाला, पण तूर लातूरच्या बाजारातून घेतलेली, तिच्यात कोणत्या शिवारातला किती दाणा आहे हे सांगता येण्यासारखे नव्हते, म्हणून तो शब्द घेतला नाही. 'सेंद्रिय' हा शब्दही प्रमाणपत्र नसल्यामुळे वगळला. 'धर्माबादी' मात्र ठेवला, कारण मिरची दरवर्षी त्या बाजारातून आणलेली असते आणि कोणी विचारले तर तसे सांगता येते. बोरसुरीच्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या जपलेले नाव दुसऱ्या डाळीवर चिकटवणे म्हणजे त्याच्या कष्टावर हात टाकणे होय, अशी लेखिकेची धारणा आहे, आणि परिचय छोटा असला तरी ही जबाबदारी छोटी होत नाही.

शोधाच्या दृष्टीने परिचयाइतकेच खात्याचे नाव महत्त्वाचे ठरते, कारण इन्स्टाग्रामवरील शोधात ठळक अक्षरांतील नावाच्या रकान्यातले शब्द विचारात घेतले जातात. म्हणून त्या रकान्यात व्यवसायाच्या नावापुढे 'तूरडाळ' आणि 'लातूर' हे शब्द रोमन लिपीत जोडले, कारण मोबाइलवर मराठी बोलणारे अनेक जणही रोमन अक्षरांतच शोधतात. परिचय मात्र देवनागरीत आणि बोलीच्या वळणाचा ठेवला. 'लाल मिरची पावडर' न लिहिता 'तिखट' लिहिल्याने आणि 'येसर'चा अर्थ न फोडल्याने काही गिऱ्हाईक दुरावेल अशी शंका होती. घडले ते उलट : शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुण्यात गेलेल्या नांदेड-लातूरच्या लोकांनी 'येसर' या एका शब्दावरून खाते ओळखले, आणि ज्यांना तो ठाऊक नव्हता त्यांनी विचारले, म्हणजे बोलणे सुरू झाले.

तिसरे लेखन पावसाळ्यात करावे लागले. तिखट उन्हाळ्यातच होते आणि साठा श्रावणाच्या सुमारास संपला, तरी परिचयात ते तसेच राहिले होते. मागणी आली, आणि नाही म्हणावे लागले. ती चूक लेखिकेची होती. त्या दिवशी 'तिखट' काढून 'तिखट आता उन्हाळ्यात' असे तीन शब्द लिहिले. नाव नोंदवून ठेवा, असे त्यानंतर अनेकांनी स्वतःहून कळवले, आणि प्रश्न उतरवण्यासाठी घेतलेल्या त्याच वहीच्या मागच्या पानांवर पुढच्या उन्हाळ्याची मागणी फाल्गुनाआधीच लिहून झाली.