सांभाळणे जड झाले तर

मूल हट्ट धरते, वडील नकार देतात, आजी ‘मुका जीव आहे, राहू दे’ म्हणते आणि कुत्र्याचे पिल्लू घरात येते. त्याचे आयुष्य साधारण दहा-बारा वर्षांचे. तेवढ्या काळात घर मात्र पूर्वीचे राहत नाही. हट्ट धरणारा मुलगा शिक्षणासाठी परगावी जातो, आजीला जिना उतरवत नाही, दुकान सकाळपासून रात्रीपर्यंत माणूस मागते. कुत्रा तोच असतो. त्याच्या वाट्याची माणसे उरलेली नसतात.

अशा कुटुंबाला पैशाच्या आणि वेळेच्या अडचणीपेक्षा लाज अधिक छळते. पांजरपोळास दरवर्षी देणगी देणाऱ्या घराने ‘एक कुत्रा सांभाळवत नाही’ असे कोणत्या तोंडाने म्हणावे? म्हणून ते कोणापाशी बोलत नाही. मग एखाद्या रात्री मोटार गावाबाहेर जाते आणि परतताना मागची बैठक रिकामी असते. शेजाऱ्यांना सांगितले जाते, ‘पळून गेला.’

घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्त्यावर अन्न शोधता येत नाही, वाहने चुकवता येत नाहीत आणि तेथील कुत्री त्याला आपल्या हद्दीत टिकू देत नाहीत. उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राणी सबळ कारणाशिवाय सोडून देणे, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमानुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र दहा ते पन्नास रुपये. या कृत्याचे मोल त्या दंडावरून ठरत नाही.

ज्याचे देणे थकते, तो वेळीच पेढीवर येऊन बोलला तर हप्ते वाढवून मिळतात. तोंड चुकवणाऱ्याची पत जाते. प्राण्याच्या बाबतीतही लवकर बोलणाऱ्यापुढे अनेक वाटा असतात.

प्रथम अडचण नेमकी कोणती, हे ओळखावे. उपचारांचा खर्च झेपत नसेल, तर शासकीय पशुवैद्यकीय दवाखाना आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयासारखी धर्मादाय संस्था आहे. वेळ नसेल, तर फिरवून आणण्यासाठी पगारी माणूस ठेवता येतो, नात्यातील एखाद्या घराशी वाटणी करता येते. अडचण चार-सहा महिन्यांची असेल, तर तेवढ्यापुरती सोय पाहावी. कायमचा निर्णय घेऊ नये. सोसायटी आक्षेप घेत असेल, तर भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवाव्यात. सभासदांच्या बहुमतानेही पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे त्या सांगतात. कुत्रा एकाएकी चिडखोर झाला असेल, तर आधी पशुवैद्याकडे न्यावे. त्यामागे दुखणे असू शकते.

एवढे करूनही जमत नसेल, तर दुसरे घर शोधण्यात कमीपणा नाही. आधी नात्यात आणि ओळखीत विचारावे. घेणाऱ्याचे घर स्वतः पाहावे. काही दिवस ठेवून पाहण्याची मुभा द्यावी. लसीकरणाचे कार्ड, आहार, सवयी, आजार आणि चावण्याचा प्रसंग घडला असल्यास तोही लिहून द्यावा. मालातील खोट सांगून विकणाऱ्या दुकानदाराकडे गिऱ्हाईक पुन्हा येते. खोट लपवून दिलेला कुत्रा आठवड्यात परत येतो, किंवा येतही नाही.

पांजरपोळाचा विचार शेवटी करावा. १८३२ साली मुंबईत कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून दंगल झाली आणि १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई व शहरातील व्यापाऱ्यांनी मुंबईचा पांजरपोळ उभा केला. ही परंपरा मोठी आहे. परंतु आज बहुतेक पांजरपोळांत मुख्यतः गुरे असतात. माणसांच्या पायाशी झोपणारा कुत्रा अनोळखी गर्दीत अन्न सोडू शकतो. म्हणून संस्था आधी पाहावी, कुत्र्यांसाठी वेगळी सोय आहे का ते विचारावे, त्याच्या निर्वाहाचा मासिक खर्च स्वीकारावा आणि भेटीला जात राहावे.

समाजाच्या हाती याहून सोपी एक गोष्ट आहे. कोणी ‘आता झेपत नाही’ म्हणाले, तर त्याला नावे ठेवू नयेत. ‘कशाने झेपत नाही?’ एवढे विचारावे. पर्युषणात जीवदयेची पावती फाडताना, शेजारच्या घरातील म्हाताऱ्या कुत्र्याच्या औषधाचे बिलही कोणी भरावे. त्या घराची रात्रीची ती फेरी कदाचित तेवढ्याने टळेल.