आजीचा व्यायाम : शून्य?

‘तू आयुष्यात एकूण व्यायाम किती केलास?’ असा प्रश्न आपल्या होस्टेलवर कुणालाही विचारून पाहा. मेसपासून रूमपर्यंतचे जिने मोजून दाखवणारे महाभाग निघतील! पण हाच प्रश्न गंभीरपणे विचारणारी एक प्रश्नावली खरोखर आहे. कॅनडातल्या कॅल्गरीच्या डॉ. क्रिस्टीन फ्रीडनराइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कॅन्सरवरच्या अभ्यासासाठी ती तयार केली, १९९८ साली ती प्रसिद्ध झाली. तिचे तीन भाग : नोकरी-धंदा, घरकाम आणि खेळ-व्यायाम. प्रत्येक कामाला एक ओळ. कितव्या वर्षी सुरू केलं, कितव्या वर्षी सोडलं, वर्षातले महिने किती, आठवड्यातले दिवस किती, दिवसाचे तास किती आणि श्रम किती पडायचे.

माझी मावसबहीण फिजिओथेरपी करते. तिने प्रोजेक्टसाठी हीच प्रश्नावली घेतली आणि ‘तू इंजिनिअर ना, मग एवढं कर’ म्हणून आकडेमोड माझ्या गळ्यात घातली. त्यांच्याकडे विकतचं सॉफ्टवेअर एकाच पीसीवर आणि त्या पीसीपुढे कायम रांग. मी म्हटलं, ताई, आपण ‘आर’ वापरू. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन प्राध्यापकांनी ही भाषा लिहिली आणि १९९५ मध्ये मुक्त परवान्याखाली सगळ्यांना देऊन टाकली. फुकट आहे हे तर झालंच, पण आतलं सगळं उघडून वाचता येतं.

स्क्रिप्ट चालते का हे बघायला एक तरी खरं आयुष्य हवं होतं. २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी माण तालुक्यातल्या आमच्या गावी आजीपुढे वही घेऊन बसले. आता आजी काही वर्षं आकड्यांत सांगत नाही.

‘आजी, लग्न कधी झालं?’

‘कोयनेचा भूकंप झाला न्हवं, त्याच्या आदल्या साली.’

म्हणजे १९६६. शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल १९४९, तेव्हा वय १७. आल्या दिवसापासून विहिरीचं पाणी डोक्यावर. दारात नळ आला तो किल्लारीच्या भूकंपाच्या साली, १९९३ मध्ये. वय ४४.

‘रोज किती तास लागायचे?’

‘घड्याळ कुणाकडं हुतं? सकाळी चार खेपा, सांजच्याला दोन.’

एक खेप वीस मिनिटांची धरली तर दिवसाला दोन तास. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेली ती ओळ वेगळी, जात्याची वेगळी. मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये. घागर, चुंबळ हे शब्द मला गाण्यांतून किंवा धड्यांतूनच भेटलेले. त्या दिवशी ते एक्सेलच्या रकान्यात बसले.

गणित सोपं आहे. शांत बसून राहण्याची जी ऊर्जा, तिला साधारण १ एमईटी म्हणतात. कुठल्या कामाला किती एमईटी, याचा मोठा तक्ता बार्बरा एन्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये छापला, नंतर तो २०००, २०११ आणि २०२४ मध्ये सुधारला. मध्यम श्रमाचं काम ३ पासून सुरू होतं. भरलेली घागर नक्कीच त्याच्या वर जाईल, पण आपण कंजुषी करून ३ च धरू. आठवड्याचे १४ तास गुणिले ३, म्हणजे ४२ एमईटी-तास. २०११ च्या तक्त्यात क्रिकेटला ४.८ आहेत. आपली मुलं रविवारी तीन तास खेळतात, त्याचे होतात १४.४. आजीचे ४२ गुणिले २७ वर्षं, भागिले तिचं ७५ वय : जन्मापासूनच्या प्रत्येक आठवड्याला सरासरी १५, तेही फक्त पाण्यापायी!

स्क्रिप्ट काय करते? प्रत्येक ओळ फोडून एकेका वर्षाची ओळ बनवते, मग त्या वर्षातली सगळी कामं मिळवते. एखाद्या वर्षी आठवड्याचे तास १६८ च्या वर गेले तर लाल खूण करते, कारण आठवडाच तेवढा असतो.

मग मी गंमत म्हणून एकच ओळ वाढवली : फक्त ‘खेळ-व्यायाम’ हा प्रकार ठेव, बाकी गाळ. तीच फाइल, तीच आजी. उत्तर शून्य.

मला गंमत वाटेना. गुडघे दाखवायला आजीला एका दवाखान्यात नेलं होतं, तिथल्या फॉर्मवर ‘व्यायाम : नाही’ असंच लिहिलं गेलं आणि ‘जरा हालचाल करत जा आजी’ असा सल्ला मिळाला. आजी काही बोलली नाही. घरी येऊन भांडी घासायला बसली.

खरं तर या शास्त्राची सुरुवातच कामापासून झाली. १९५३ मध्ये लंडनच्या डॉ. जेरी मॉरिस यांनी दाखवलं की डबलडेकरचे जिने दिवसभर चढणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो. पुढच्या अभ्यासांत मात्र असंही दिसलं की मोकळ्या वेळात केलेल्या व्यायामाचा जेवढा फायदा, तेवढा ओझी उचलण्याच्या कामाचा नेहमी मिळत नाही. विश्रांती नाही, वेग आपल्या हातात नाही, सुट्टी नाही. म्हणून आजीचे १५ आणि बॅडमिंटनचे १५ सरळ एकत्र मिळवणंही बरोबर नाही. ताईला मी तीन रकाने वेगळेच ठेवून दिले, बेरीज शेवटी. काय गाळलं आणि काय मिळवलं ते ओळ क्रमांकासकट कुणालाही वाचता येतं. वाचून कुणी म्हणालं ‘हे पटत नाही’, तर तो ती ओळ बदलून पुन्हा चालवू शकतो. मुक्त सॉफ्टवेअरचा मला कळलेला उपयोग एवढाच आहे, पण तो लहान नाही.

आलेख काढून आजीला दाखवला. १७ पासून ४४ पर्यंत उंच डोंगर, मग उतार. बराच वेळ बघून म्हणाली, ‘एवढं पाणी वाहिलं व्हय मी?’

स्क्रिप्ट कुणाला हवी असेल तर लायब्ररीबाहेरच्या कट्ट्यावर भेटा, पेनड्राइव्ह घेऊन. पण पहिली ओळ घरच्या कुणाची तरी भरायची. चहा आपापला.