उत्कटारीचे वर्णन लिहिताना

निलंग्याच्या परिसरात काळ्या रानांच्या मधोमध मुरमाड माळ आहेत. खाली काळा पाषाण, वर वीतभर माती आणि तिच्यावर कुसळी, मारवेल अशी गवते. पाऊस ओसरून गवत पिवळे पडू लागले की त्यातून एक ताठर, काटेरी, राखी रंगाची वनस्पती उठून दिसते. तिच्या फांद्यांच्या टोकांना लिंबाएवढे गोल काटेरी चेंडू येतात. तिला उत्कटारी म्हणतात, उटांटी म्हणतात, काटेचेंडू म्हणतात. शास्त्रीय नाव एकायनॉप्स एकायनॅटस. कूळ सूर्यफुलाचे आणि करडईचे. विल्यम रॉक्सबर्ग यांनी तिला हे नाव दिले आणि त्यांच्या ‘फ्लोरा इंडिका’ या १८३२ साली पूर्ण छापल्या गेलेल्या ग्रंथात तिचे वर्णन आहे. मग आज निलंग्याच्या माळावर बसून तिचे वर्णन पुन्हा का लिहायचे? वर्णन ही झाडाच्या चित्राला जोडायची पुरवणी असती, तर हा प्रश्न बिनतोड होता. पण मी वर्णनाकडे साक्ष म्हणून पाहतो. साक्ष ज्याची त्याने, पाहिलेल्या ठिकाणी, स्वतःच्या शब्दांत द्यायची असते, आणि तिची उलटतपासणी होऊ शकते यातच तिचे मोल असते.

या वनस्पतीचा चेंडूच घ्या. पाहणारा सहज म्हणेल की हे एक फूल आहे. सूर्यफुलाचे कूळ ठाऊक असलेला त्याला दुरुस्त करील: हे एक फूल नव्हे, अनेक बारीक पुष्पकांचा एक स्तबक आहे. उत्कटारीच्या बाबतीत ही दुरुस्तीही चुकते. करडईचे बोंड ज्याने फुलताना पाहिले आहे त्याला माहीत असते की कडेची पुष्पके आधी उमलतात आणि उमलणे आत सरकत जाते. सूर्यफुलाच्या तबकातही तसेच. उत्कटारीचा चेंडू हा असाच एक फुगलेला स्तबक असता, तर तो खालून, देठाकडून उमलायला हवा होता आणि माथा शेवटी फुलायला हवा होता. घडते उलटे. माथा आधी उमलतो आणि फुलोरा खाली उतरतो. या उलट्या क्रमाने शंका घेतली आणि चेंडू फोडून पाहिला, की उत्तर हाती येते. प्रत्येक पुष्पकाभोवती स्वतःचे राठ केसांचे वेटोळे आहे, स्वतःची छदे (फुलाखालची बारीक पाने) आहेत, त्यांतली काही लांब काटे होऊन बाहेर आलेली आहेत. म्हणजे प्रत्येक पुष्पक हाच एक पुरता स्तबक आहे, एकाच फुलाचा. आणि चेंडू हा अशा कितीतरी स्तबकांचा मेळा आहे. हे कळायला महागडे उपकरण लागत नाही. दोन-चार दिवसांच्या अंतराने तोच चेंडू पाहणे आणि दिसलेला क्रम शब्दांत मांडणे एवढेच लागते.

पहिला आक्षेप ठरलेला असतो. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. फोटो काढला की फोनच नाव सांगतो. मग पानाची लांबी आणि लवेचा रंग लिहीत कशाला बसायचे? फोटोचे उपकार मी नाकारत नाही. दाबून वाळवलेल्या नमुन्यात चेंडूची गोलाई चपटी होते, पाकळ्यांची फिकट निळसर छटा उडते. ती फोटोत टिकते. पण फोटो एका झाडाचा आणि एका क्षणाचा असतो. वर्णनात ‘सहसा’, ‘क्वचित’, ‘एक ते तीन फूट’ असे शब्द येतात, आणि त्यांतला प्रत्येक शब्द अनेक झाडे पाहिल्याशिवाय लिहिता येत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फोटोला ‘नाही’ म्हणता येत नाही. उत्कटारीत सूर्यफुलासारखी पसरट किरण-पुष्पके नसतात. सगळी पुष्पके नळीसारखी, पाच खंडांची. हे ‘नसतात’ लिहिणाऱ्याला शोधावे लागते. रॉक्सबर्ग यांच्याजवळ भारतीय चित्रकारांनी रेखाटलेली अडीच हजारांवर वनस्पतींची चित्रे होती, आजही नावाजली जाणारी. तरीही त्यांनी वर्णने लिहिली. चित्रात काय महत्त्वाचे आहे हे चित्र स्वतः सांगत नाही, हे त्यांना ठाऊक होते. आज डीएनएच्या तपासणीबद्दलही हेच म्हणता येईल. ती नमुना कोणत्या नावाच्या नमुन्याशी जुळतो ते सांगते. ते नाव बरोबर आहे की नाही, याची जबाबदारी शेवटी वर्णनावरच येते.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. लोकांनी दिलेले नाव हेच जर थोडक्यातले वर्णन असेल, तर इतका विस्तार कशाला? काटेचेंडू हे नाव खरोखरच उत्तम आहे. शास्त्रीय नावात काटेरी जाहक (हेजहॉग) दोनदा येतो, एकदा प्रजातीच्या नावात आणि पुन्हा विशेषणात. मराठी नावाने काटा आणि गोलाई दोन्ही एकेकदाच सांगून काम उरकले. पण सगळी नावे इतकी नेमकी नसतात. गाजर गवत हे गाजरही नाही आणि गवतही नाही. पानाच्या साम्यावरून रूढ झालेले हे नाव सूर्यफुलाच्या कुळातल्या एका परक्या तणाला चिकटले, आणि त्यामुळे कितीकांना ते गवतच वाटते. निलंगा तालुका कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्याला लागून आहे, तेव्हा इथला प्रश्न आणखी नाजूक. उत्कटारीला कन्नडमध्ये ब्रह्मदंडे म्हणतात. मराठीत ब्रह्मदंडी म्हणतात ती याच कुळातली दुसरी वनस्पती. दोन्ही औषधात घेतल्या जातात. नावावर विसंबून औषध गोळा करणारा इथे सहज चुकेल. वर्णनाची एक ओळ त्याला सावरते: उत्कटारीचे पान खोल कातरलेले, काठाला काटे आणि खालच्या अंगाला पांढरी लोकर, ब्रह्मदंडीचे अंग गुळगुळीत, लवेवाचून. उत्कटारीला झुडूप म्हणण्याचेही तसेच. फांद्या बुडापासून फुटतात, खोड ताठर असते, वाळल्यावरही उभे राहते. माळावरून जाणाऱ्याच्या लेखी ते झुडूपच. वनस्पतिशास्त्रात झुडूप म्हणजे वर्षानुवर्षे टिकणारे लाकडी खोड, म्हणून उत्कटारीची नोंद ओषधींत होते. मला दोन्ही शब्द वर्णनात हवेत. एक तिचे रूप सांगतो, दुसरा तिचे आयुष्य.

यावर कोणी म्हणेल की हे सारे इंग्रजीत आहेच; मराठी वर्णन कोण वाचणार? वनस्पतीच्या नव्या नावासोबतचे वर्णन १९३५ पासून २०११ अखेरपर्यंत लॅटिनमध्येच द्यावे लागे. २०१२ पासून लॅटिन किंवा इंग्रजी चालते. नवी जात जगापुढे मांडायची तर हा नियम पाळावाच लागेल, आणि तो योग्यही आहे. पण उत्कटारीला नवे नाव द्यायचे नाही. तिला तिच्या माळावर ओळखायचे आहे, आणि त्यासाठी लागणारे शब्द इथे आधीपासून आहेत. लव, लोकर, कूस, बोंड, शिरा, देठ. ज्या शेतकऱ्याने करडई काढताना हाताला कापड गुंडाळले आहे, त्याला काटेरी छद म्हणजे काय हे समजवावे लागत नाही. स्तबक, पुष्पक, कृत्स्नफळ हे घडवलेले शब्द या घरगुती शब्दांशेजारी ठेवले की जड वाटत नाहीत. रॉक्सबर्ग यांचा ग्रंथ बंगालमधल्या श्रीरामपूरहून छापणारे विल्यम कॅरी यांनीच १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठीचा कोश प्रसिद्ध केला होता. मराठीचे शब्द आणि उत्कटारीचे वर्णन असे एकाच माणसाच्या हातून गेले, पण दोघांची भेट झाली नाही. ती घडवणे हे आपले काम आहे.

तरीही, जुनी वर्णने पुरेशी नाहीत का? या मुलखापुरती तरी ती बराच काळ नव्हती. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला आणि आजही अभ्यासक तो उघडतात. पण निलंगा तेव्हा निजामाच्या राज्यात होते, म्हणून इथला माळ त्या ग्रंथाच्या हद्दीबाहेर राहिला. ही उणीव वि. ना. नाईक यांनी भरून काढली: १९७९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याच्या आणि १९९८ मध्ये सबंध मराठवाड्याच्या वनस्पतींवर त्यांचे ग्रंथ आले. मात्र ग्रंथांच्या या हद्दींतून वर्णन लिहिणाऱ्याने शिकण्यासारखे एक आहे. १९५६ ते १९८२ या काळात निलंग्यात गोळा केलेल्या नमुन्यावर जिल्हा उस्मानाबाद लिहिलेला असणार. १९८२ मध्ये निलंग्यासह लातूर जिल्हा वेगळा झाला, आणि उस्मानाबादचे नाव आता धाराशिव आहे. नुसत्या जिल्ह्याच्या नावावर विसंबलेला पत्ता एका पिढीत जुना होतो. म्हणून वर्णनाच्या शेवटी जमीन लिहावी: तेरणा नदीपासून किती दूर, मुरूम की काळी माती, गवत कोणते, चराई होते की नाही, फुलोरा कोणत्या महिन्यात.

शेवटचा आक्षेप उपयोगाचा. जनावर जिला तोंड लावायला कचरते अशा काटेरी रानवनस्पतीसाठी एवढा खटाटोप का? माळाची नोंद जेव्हा ‘पडीक’ या एका शब्दात होते, तेव्हा तिथे काय उगवते हे कोणी पाहिलेले नसते. पडीक लिहिले की नांगर घालणे सोपे, खड्डे खणून भलतीच झाडे लावणेही सोपे, कारण कागदावर तिथे काहीच नसते. उत्कटारीचे वर्णन त्या कागदावर काहीतरी ठेवते: तिची उंची, तिची लोकर, माथ्याकडून उमलत उतरणारा तिचा चेंडू, आणि शेजारचे गवत. हे लिहिणाऱ्याचे चुकले असेल तर दुसरा कोणी कार्तिकात त्याच माळावर जाईल, चेंडू फोडील आणि ओळ दुरुस्त करील. त्याला जायला ठिकाण मिळावे आणि तपासायला विधान मिळावे, एवढ्यासाठी मी लिहितो.