हातात अडकलेली पानं

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळात रमी किंवा बदामसातसारखा सगळ्यांना मिळून एकच कॅट नसतो. हजारो छापील पानांमधून निवड करून प्रत्येक खेळाडू किमान साठ पानांचा स्वतःचा डेक रचून आणतो. पानं खेळायला लागणारी ऊर्जा, म्हणजे मॅना, पुरवणारी साधी ‘लँड’ सोडली तर एका नावाची चारपेक्षा जास्त पानं चालत नाहीत. हाती सात पानं आणि खात्यावर २० लाइफ घेऊन डाव सुरू होतो. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाचा हा खेळ १९९३मध्ये बाजारात आला आणि तेव्हापासून त्यात दोन स्वभाव ठळक दिसत आले आहेत. एक स्वभाव चढाईचा: स्वस्त क्रीचर भराभर उतरवायचे आणि समोरच्याला सावरू द्यायचं नाही. दुसरा कंट्रोलचा: त्याची प्रत्येक खेळी हाणून पाडायची, डाव लांबवायचा, त्याचा दारूगोळा संपला की निवांत जिंकायचं. हा दुसरा डेक बांधणं अवघड, पण तो पारखणं त्याहून अवघड, असं माझं मत आहे. पारखण्याची रूढ पद्धत, म्हणजे सरावातले विजय मोजणं, इथे फसवी ठरते. कंट्रोल डेकची खरी परीक्षा हरलेल्या डावात होते, आणि ती घ्यायची असते हरताना हातात उरलेल्या पानांवरून.

चढाईचा डेक एकट्यानेही तपासता येतो. समोर कोणी नाही असं धरून पानं उचलत जायची आणि २० लाइफ कितव्या पाळीला संपतात ते पाहायचं. खेळाडू याला ‘गोल्डफिशिंग’ म्हणतात. कंट्रोल डेकची बहुतेक पानं उत्तरं असतात, त्यामुळे प्रश्न विचारणारा कोणी नसेल तर तो नुसता बसून राहतो. म्हणून मग मित्राबरोबर दहा डाव होतात, सात जिंकले की डेक चांगला ठरतो. पण दोन्ही डेक अगदी तुल्यबळ असले तरी दहापैकी सात किंवा अधिक डाव जिंकण्याची शक्यता १७ टक्के असते, म्हणजे साधारण सहात एकदा. शंभर डाव खेळून ५५ जिंकले तरी खरं प्रमाण ४५ ते ६५ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतं. कंट्रोलचा एक डाव वीस मिनिटांचा धरला तर शंभर डावांना ३३ तास लागतात, आणि एवढं करून ‘दोन पानं बदलू का?’ या प्रश्नाचं उत्तर मिळत नाहीच. विजयांचा आकडा किती ते सांगतो, का ते सांगत नाही.

हरलेला हात मात्र ‘का’ सांगतो. ‘डूम ब्लेड’ हे दोन मॅनाचं पान समोरचा क्रीचर नष्ट करतं, पण तो काळ्या रंगाचा असेल तर त्याला हात लावू शकत नाही. ‘एसेन्स स्कॅटर’ क्रीचर मैदानात यायच्या आत अडवतं, बाकी कशाला नाही. ‘निगेट’ नेमकं उलट, क्रीचर सोडून बाकी सगळं अडवतं. क्रीचर चुकीचा निवडला तरी तो थोडाफार हल्ला करतोच. उत्तर चुकीचं निवडलं तर ते शेवटपर्यंत हातात पडून राहतं. हरल्यावर हातात दोन ‘निगेट’ असतील आणि मैदानावर चार क्रीचर असतील, तर डेक नेमका कुठे फाटला हे एकाच डावातून कळतं.

पण नेहमी पान चुकीचंच असतं असं नाही. कधीकधी ते योग्य असून वेळेवर खेळता येत नाही. ‘रॅथ ऑफ गॉड’ चार मॅनात मैदानावरचे सगळे क्रीचर पुसून टाकतं. साठ पानांत ते चार वेळा घातलं आणि २६ लँड ठेवल्या तर चौथ्या पाळीला सगळं सुरळीत होईल असं वाटतं. पहिली खेळी आपली असेल तर तोवर दहा पानं पाहिलेली असतात. त्यांत किमान चार लँड असण्याची शक्यता ७२ टक्के. लँड २४ केल्या तर ६३ आणि २० केल्या तर अवघी ४४. चारांपैकी एक तरी ‘रॅथ’ दिसण्याची शक्यता ५३ टक्के. दोन्ही गोष्टी एकत्र जुळण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के, म्हणजे तीन डावांत एकदा. (सुरुवातीचा हात बदलणं आणि मधली जादा पानं इथे धरलेली नाहीत.) तेव्हा चार ‘रॅथ’वर विसंबलेला डेक तीनपैकी दोन डावांत चौथ्या पाळीला ते खेळू शकत नाही. उरलेल्या हातात ‘रॅथ’ आणि मैदानावर तीनच लँड दिसल्या, तर ‘रॅथ’ काढण्यात काही हशील नाही. कमतरता लँडची किंवा आधीच्या पाळ्यांतल्या एक-दोन मॅनाच्या उत्तरांची असते. आणि हात पूर्ण रिकामा असताना हार झाली असेल तर दुखणं तिसरंच: उत्तरं लागू पडली, वेळेवर पडली, पण संपली. तिथे जादा पानं उचलून देणारं पान हवं.

हे माप नवं नाही. १९९०च्या दशकाच्या मध्यात ब्रायन वाइसमन याने बांधलेला आणि नुसता ‘द डेक’ म्हणून ओळखला गेलेला कॅट पाहा. त्यात जिंकून देणारे क्रीचर जवळपास नव्हतेच. ‘सेरा एंजल’ दोन, बस्स. परिणामी क्रीचर मारण्यासाठी समोरच्याने भरलेली पानं त्याच्याच हातात सडत. ‘मोट’ हे पान एकदा मैदानात आलं की न उडणाऱ्या क्रीचरना हल्लाच करता येत नसे, म्हणजे तीही पानं वाया. वाइसमनने जिंकण्याची घाई केली नाही. समोरच्याची पानं निकामी केली आणि आपलं एकही पान निकामी राहू दिलं नाही. २०१८च्या ‘टेफेरी, हिरो ऑफ डॉमिनेरिया’ या पानाने तर ही दिशा टोकाला नेली. काही डेकांत वेगळं विजयाचं पानच उरलं नाही. टेफेरी स्वतःलाच परत गड्डीत घालत राहायचा आणि समोरच्याची गड्डी आधी संपून तो हरायचा. (समोर बसलेल्याला हे किती रटाळ वाटत असेल, हा मुद्दा मला मान्य आहे.)

यावर पहिला आक्षेप असा की हातात पान अडकलं तो दोष डेकचा कशावरून, खेळणाऱ्याचा का नाही? आक्षेप रास्त आहे. मायकल फ्लोरेसने १९९९च्या ‘हूज द बीटडाउन?’ या गाजलेल्या लेखात दाखवलं की प्रत्येक डावात एकाने चढाई करायची असते आणि दुसऱ्याने थोपवायचं असतं. आपली भूमिका चुकीची ओळखणारा हरतो. समोर आपल्याहून मंद कंट्रोल डेक असताना जो उत्तरं जपत बसतो, त्याची पानं अडकणारच. म्हणून हरलेला हात वहीत टिपताना पानाच्या नावाबरोबर एक प्रश्न हवा: हे आधी खेळता आलं असतं का? ‘हो’ असेल तर डेकला हात लावू नये. तरीही पाहायचा पुरावा तोच, हरलेला हात.

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे. ऑनलाइन खेळांमुळे हजारो डावांचे निकाल जमतात, मग वहीची गरज काय? मोठ्या संख्येने अनिश्चितता कमी होते, हे खरंच. पण ते निकाल दुसऱ्यांच्या डेकांचे आणि सरलेल्या आठवड्यांतल्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे असतात. चढाईच्या डेकचं याने फारसं बिघडत नाही. कंट्रोलचं सगळं अस्तित्वच समोर कोण बसणार यावर ठरतं. लोकांनी आपले डेक बदलले की कालचं नेमकं उत्तर आज ओझं होतं.

या मापाचा एक धोका मात्र मी गंभीरपणे घेतो. अडकलेलं प्रत्येक पान काढत गेलं तर शेवटी फक्त सर्वांना लागू पडणारी उत्तरं उरतात, आणि तशी उत्तरं बहुधा महाग असतात. मग पानं अडकतात ती मॅनाअभावी. स्वस्त पण अरुंद आणि रुंद पण महाग, या ओढाताणीतून सुटका नाही. अरुंद उत्तरं काही प्रमाणात बाळगावीच लागतात, आणि त्यांची खरी जागा बहुतेक वेळा पंधरा पानांच्या साइडबोर्डमध्ये असते. पहिल्या डावात समोरचा डेक कळतो, दुसऱ्या डावाआधी पानं बदलता येतात. एखादं पान एकाच प्रकारच्या प्रतिस्पर्ध्यापुढे सतत अडकत असेल आणि बाकीच्यांपुढे चालत असेल, तर ते मुख्य डेकमध्ये राहू द्यावं. त्याच्या जागी काय आणायचं ते साइडबोर्डने ठरवावं. उलट, एकापुढे चालतं आणि बाकीच्यांपुढे अडकतं असं पान सरळ साइडबोर्डमध्ये जावं.

तेव्हा सरावात डाव हरलात की लगेच पानं गोळा करून पिसायला घेऊ नका. हात टेबलावर उलगडा, उरलेल्या पानांची नावं, मैदानावरच्या लँड आणि समोरच्या डेकचा प्रकार लिहून ठेवा, आणि एकच नाव वारंवार दिसू लागेपर्यंत डेकमधलं एकही पान बदलू नका.