कानशीची सुरी

परळ, मुंबई

चि. भाचीबाईस,


सोबतची सुरी तुझ्या नव्या घरासाठी. आजोळचं काहीतरी हवं म्हणाली होतीस, म्हणून ती विकत न आणता घरीच केली. पातं आप्पांच्या पेटीतल्या कानशीचं आहे, मूठ आपल्या चाळीच्या जिन्यातल्या सागवानी कठड्याची, आणि मुठीतले पितळी रिव्हेट खोलीच्या कडीच्या दांड्याचे. चाळ पाडली तेव्हा कठडा आणि कडी भंगारात चालली होती. ती मी मागून घेतली.

आप्पा गिरणीत फिटर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातल्या पुष्कळांसारखे आप्पाही पुन्हा आत गेले नाहीत. हत्यारांची पेटी मात्र दर खंडेनवमीला पाटावर यायची, कानशीला हळदकुंकू लागायचं.

दाते झिजले की कानस टाकून देतात. पण चांगल्या कानशीच्या पोलादात एक टक्का किंवा थोडा जास्त कार्बन असतो, त्यामुळे त्याची धार टिकते. मात्र कानस फार कडक असते. तशीच घासून पातं केलं तर फरशीवर पडताच मोडायचं. म्हणून आधी ती लाल तापवली आणि राखेत पुरून रात्रभर निवू दिली. सकाळी दुसरी कानस तिच्यावर चालू लागली. मग आकार कापला, रिव्हेटची भोकं पाडली, दोन्ही बाजूंना उतार दिला. धारेशी मिलिमीटरभर जाडी राखली, कारण पाणी देताना, म्हणजे तापवून एकदम निववताना, फार पातळ पातं वाकतं नाहीतर तडकतं. दातेही घासून काढले. तडा तिथूनच सुरू होतो. फक्त मुठीजवळ, पाठीच्या बाजूला थोडे राहू दिलेत. बोट फिरवलंस की लागतील.

मग पाणी द्यायचं काम. पातं तापत असताना मधूनमधून चुंबक लावून पाहायचं. ७७० अंशांच्या सुमारास तो चिकटेनासा होतो. त्याहून किंचित वर नेऊन पातं कोमट शेंगदाणा तेलात टोकाकडून सरळ बुडवलं. साध्या पाण्यात ते तडकायची भीती असते. आता कानस त्यावरून घसरू लागली, म्हणजे कडकपणा आला. पण पातं अजून ठिसूळ असतं. म्हणून ओव्हनमध्ये २०० अंशांवर तास-तासभर दोनदा ठेवलं, तेव्हा घासलेल्या पात्यावर फिकट सोनेरी रंग चढला.

हे करताना एक गोष्ट मला फार जवळून कळली. आप्पांच्या कानशीचा कडकपणा पहिल्याच आचेत गेला. तो जपून पातं घडवणं शक्यच नव्हतं. पण वरचा पापुद्रा सोडला तर कार्बन होता तिथेच राहिला, आणि त्याच्याच जोरावर नवा कडकपणा देता आला. वडीलधाऱ्यांचं कसब असंच हाती येतं असं मला वाटतं. ते तयार मिळत नाही, आपल्या आचेवर पुन्हा कमवावं लागतं. कमावता येईल एवढं आप्पांनी मागे ठेवलं, हे आपलं भाग्य.

सुरी शोकेसमध्ये ठेवू नकोस, रोज वापर. हे पोलाद गंजतं, म्हणून चिरून झालं की लगेच धुऊन पुसायची, सिंकमध्ये पडू द्यायची नाही. लिंबू, चिंच, कोकम लागलं की पातं काळवंडेल. त्याची काळजी करू नकोस. मुठीला अधूनमधून जवसाचं तेल लाव. धारवाल्याच्या चाकावर मात्र देऊ नकोस. पातं तापून निळं पडलं की दिलेलं पाणी उतरतं.

धार गेली तर माझ्याकडेही पाठवू नकोस. सोबत दगड दिला आहे. तो भिजवून, पातं एकाच कोनात धरून, दोन्ही बाजूंनी सारखं पाजवायला शीक. सुरुवातीला हात डगमगेल, मग बसेल. आप्पांच्या कामातलं एवढं तरी तुझ्या स्वतःच्या हातात यावं, असं मला मनापासून वाटतं.

तुझा,
मामा