प्रश्नांची अमानत

टीव्हीवर प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम लागला की कोणीतरी हमखास म्हणतं, "हे सगळं आधीच ठरलेलं असतं." निकाहआधीची जवळजवळ दोन वर्षं आम्ही दोघं अशाच एका कार्यक्रमाच्या पडद्यामागे नोकरीला होतो. काही ठरलेलं नसावं यासाठी तिथे किती माणसं झटतात, आणि त्यापायी आम्हाला काय सोसावं लागलं, ते सांगावंसं वाटतं.

लोकांचा संशय अगदीच हवेतला नाही. अमेरिकेत १९५० च्या दशकात 'ट्वेंटी-वन' नावाच्या कार्यक्रमात काही स्पर्धकांना उत्तरं आधीच पुरवली जात. कोलंबिया विद्यापीठात शिकवणाऱ्या चार्ल्स व्हॅन डोरेन यांनी १९५९ मध्ये तिथल्या संसदीय समितीपुढे ते कबूल केलं. पुढच्याच वर्षी असे प्रकार तिथे कायद्याने गुन्हा ठरले. ब्रिटनच्या 'हू वॉन्ट्स टु बी अ मिलियनेअर'मध्ये २००१ साली चार्ल्स इंग्रॅम या लष्करी मेजरने दहा लाख पौंडांपर्यंत मजल मारली. त्याला बरोबर उत्तराच्या वेळी खोकून इशारे दिले जात होते, असं २००३ मध्ये न्यायालयात सिद्ध झालं. एका खोकल्याने सगळं नासू शकतं, म्हणून अशा कार्यक्रमांत पहारा कडक असतो.

आमच्यातली एक प्रश्नांच्या विभागात होती आणि दुसरा स्पर्धकांच्या. प्रश्नांच्या खोलीत प्रत्येक प्रश्न किमान दोन ठिकाणी पडताळून पाहिला जाई. "सर्वांत मोठी नदी" असं लिहिलं तर मोठी म्हणजे लांबीने की पाण्याने, यावर तासभर वाद चाले. काम झालं की कच्चे कागद यंत्रात घालून त्यांच्या चिंध्या करायच्या. तिकडे स्पर्धक आले की त्यांचे मोबाईल काढून घ्यायचे, त्यांना एकटं सोडायचं नाही, घाबरलेल्यांना पाणी द्यायचं, धीर द्यायचा. या दोन खोल्यांतल्या माणसांनी एकमेकांशी कामाचं बोलायचं नाही, हा पहिला नियम.

आमची ओळख झाली ती गोरेगावच्या चित्रनगरीकडे जाणाऱ्या बसमध्ये. बोलणं वाढलं तसं आम्ही दोन्ही घरी सांगितलं. अम्मीने आधी विचारलं, "टीव्हीवाल्यांचं काही खरं असतं का?" मग अब्बा लोक भेटले, चौकशी झाली आणि मंगनी ठरली. खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. प्रश्न जिच्या हाती आणि स्पर्धक ज्याच्या हाती, त्या दोघांची मंगनी झाली आहे, हे बाहेरून कळलं असतं तर उद्या एखाद्या स्पर्धकाने मोठी रक्कम जिंकताच बोट आमच्याकडेच वळलं असतं. सोबतचे म्हणाले, "सीझन संपेपर्यंत गप्प बसा, कोणाला कळतंय?" आम्हाला ते पटलं नाही. मंगनीच्या दुसऱ्याच आठवड्यात आम्ही मिळून वरिष्ठांना सांगितलं. एकाला स्पर्धकांचा विभाग सोडून प्रेक्षकांना जागेवर बसवण्याच्या कामावर जावं लागलं. पगार कमी झाला. भाड्याच्या घराची अनामत रक्कम जमेना, म्हणून निकाह सहा महिने पुढे गेला.

त्याहून अवघड गेलं ते नातेवाइकांचं. एका खालाचा मुलगा निवड चाचणीच्या पहिल्या फेरीत पास झाला. कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना भाग घेता येत नाही, हे आम्ही सांगितलं आणि त्याचं नाव मागे घ्यायला लावलं. मुलगा हुशार होता, घरावर कर्ज होतं. खाला म्हणाली, "परक्यांना लाखो मिळतात आणि तुमच्या सख्ख्यांना तुम्ही दारातूनच परत पाठवता?" यावर आमच्याकडे गोड उत्तर नव्हतं. ती निकाहला आली नाही. पुढे आमच्या मुलीच्या अकीक्याला आली, मुलीला मांडीवर घेऊन बसली, पण त्या गोष्टीबद्दल अजूनही बोलत नाही. आम्हीही तिच्याकडून समजून घेण्याची घाई करत नाही.

चौदा-चौदा तास एकाच छताखाली काम, आणि भेटल्यावर त्यातलं अवाक्षर काढायचं नाही. मग बोलायचं काय? आम्ही घरांबद्दल बोललो. कोणावर किती कर्ज आहे, अब्बांच्या डोळ्यांचं ऑपरेशन कधी करायचं, निकाहनंतर हिची नोकरी चालू राहणार का, स्वयंपाक कोण करणार. लग्न ठरलेली मुलं-मुली जे विषय सहसा टाळतात, ते आमच्या वाट्याला आधीच आले. आणि एक गोष्ट दोघांनाही पक्की कळली, की समोरचा माणूस तोंड बंद ठेवू शकतो. "उद्या कोणता प्रश्न आहे गं?" असं याने थट्टेतही कधी विचारलं नाही.

रिश्ता बघताना आपण पगार, घर, शिक्षण सगळं विचारतो. दुसऱ्याची अमानत हातात असताना हा माणूस कसा वागतो, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. मुला-मुलीच्या कामाच्या ठिकाणी जाऊन तेवढी एक चौकशी जरूर करा. लग्नात रोज उपयोगी पडते ती हीच गोष्ट.